अल्पदरी विमानसेवा : नवोदित कंपन्यांचे अपयश

भोजन, सामान व आसननिवड यांचे शुल्क तिकिटातून वेगळे काढून आणि शक्यतो एकाच प्रकारची विमाने दिवसातील जास्तीत जास्त तास हवेत ठेवून जी विमानसेवा चालवली जाते, तिला अल्पदरी विमानसेवा म्हणतात. व्यवहारात ‘लो कॉस्ट’ हाच शब्द रूढ आहे. अशा कंपन्या थोड्याच वर्षांत बंद पडल्याची किंवा मोठ्या कंपनीत विलीन झाल्याची उदाहरणे अमेरिका, युरोप व भारतात आढळतात. प्रस्तुत नोंदीत त्यांची कारणे भारताच्या, आणि विशेषतः इंदूरसारख्या मध्यम शहराच्या संदर्भात दिली आहेत.

या पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. टेक्सस राज्यात जून 1971 मध्ये सुरू झालेली साउथवेस्ट ही पहिली अल्पदरी कंपनी, असे सामान्यतः लिहिले जाते. मात्र कॅलिफोर्नियातील पॅसिफिक साउथवेस्ट ही कंपनी 1949 पासूनच राज्यांतर्गत स्वस्त उड्डाणे करीत होती आणि टेक्ससच्या कंपनीने तिचीच कार्यपद्धती उचलली होती, त्यामुळे अग्रमान तिला देणे अधिक सयुक्तिक वाटते. काही अभ्यासक आइसलँडच्या लोफ्टलायडिर कंपनीपर्यंत मागे जातात. परंतु तिची स्वस्ताई प्रामुख्याने तिकीटदर ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराबाहेर राहिल्यामुळे आलेली होती. हा वाद केवळ कालक्रमाचा नाही. दोन्ही अमेरिकी कंपन्या एकाच राज्याच्या हद्दीत उडत असल्यामुळे संघराज्याच्या भाडेनियंत्रणातून सुटल्या होत्या, तर देशभर उडणाऱ्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची भाडी त्या नियंत्रणामुळे चढी राहत होती. हा आडोसा अमेरिकी विमानभाड्यांच्या 1978 च्या नियंत्रणमुक्तीनंतर जन्मलेल्या कंपन्यांना मिळाला नाही. पीपल एक्सप्रेस ही कंपनी 1981 मध्ये सुरू होऊन 1987 मध्ये विलीन झाली. अटलांटिकपार स्वस्त सेवा 1977 मध्ये सुरू करणारी ब्रिटनची लेकर एअरवेज डॉलरमधील कर्जाच्या ओझ्याखाली फेब्रुवारी 1982 मध्ये कोसळली.

भारतात 1953 च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झालेले हवाई क्षेत्र 1994 मध्ये तो कायदा रद्द झाल्यावर औपचारिकपणे खुले झाले. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन (ऑगस्ट 2003) ही देशातील पहिली अल्पदरी कंपनी मानली जाते. किंगफिशर समूहाने 2007 मध्ये तिच्यात हिस्सा घेतला आणि पुढील वर्षी तिचे नावही बदलले. परदेशी उड्डाणांसाठी त्या काळी पाच वर्षांच्या सेवेची अट होती आणि ती डेक्कन किंगफिशरच्या आधी पूर्ण करणार होती, हे लक्षात घेता स्वस्त सेवा टिकवणे हा या संपादनाचा प्रमुख हेतू असल्याचे दिसत नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये किंगफिशरचीही उड्डाणे थांबली.

अपयशाचे कारण म्हणून कमी भाड्याकडे बोट दाखवले जाते, पण ते स्पष्टीकरण अपुरे आहे. भाडे पहिल्या दिवसापासून कमी ठेवावे लागते. खर्च मात्र ताफा मोठा झाल्यावरच कमी होतो. वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, अभियंते आणि राखीव विमान यांचा बोजा तीन विमानांवर पडला, तर प्रत्येक आसनामागे तो वीस विमानांच्या तुलनेत कितीतरी अधिक होतो. मालकाकडून भाड्याने घेतलेल्या विमानाचे भाडे, विमान उडो वा न उडो, दरमहा डॉलरमध्ये द्यावे लागते. इंधनावर भारतीय कंपनीच्या खर्चाचा साधारण 30 ते 40 टक्के भाग जातो. शिवाय हातातील रोकड बहुधा अजून न झालेल्या प्रवासाच्या आगाऊ तिकिटांची असते. कंपनी अडचणीत आल्याची वार्ता पसरली की आरक्षण आटते, इंधन कंपन्या रोख मागतात, विमानांचे मालक विमाने परत मागतात, आणि काही दिवसांतच सेवा थांबते. हा धोका केवळ नवख्यांना असतो असेही नाही. इंजिनांच्या तुटवड्यामुळे सुमारे निम्मा ताफा जमिनीवर असल्याचे सांगत गो फर्स्टने 2 मे 2023 रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्या सेवेला सतरा वर्षे झाली होती.

इंदूर हे हवाई नकाशावर नवे शहर नाही. टाटांच्या 1937 मधील मुंबई–दिल्ली मार्गावर इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर हे थांबे होते. नवोदित कंपनीच्या दृष्टीने मात्र येथील अडचण अंतराची आहे. मुंबई हवाईमार्गे सुमारे 500 किलोमीटरवर आहे, आणि एवढ्या छोट्या टप्प्यात उड्डाण व उतरणीचाच खर्च मोठा असतो. मुंबई-पुण्याच्या नातलगांकडे लग्नकार्याला निघालेले इंदूरचे मराठी कुटुंब विमानाच्या भाड्याची तुलना रात्रीच्या ट्रॅव्हल्सशी किंवा अवंतिका एक्सप्रेसशी करते, त्यामुळे भाडे वाढवण्यास वाव थोडा राहतो. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरणशुल्कात सवलत असल्याने अशा मार्गांवर एटीआर ही पंख्यांची छोटी विमाने सोयीची ठरतात. पण त्यांत आसनेच कमी असल्यामुळे दहा-बारा रिकाम्या जागाही फेरी तोट्यात नेतात. फ्लायबिग या प्रादेशिक कंपनीने जानेवारी 2021 मध्ये इंदूर–अहमदाबाद हे पहिले उड्डाण केले, परंतु तिचा भर लवकरच ईशान्य भारताकडे वळला. इंधनावरील राज्याचा कर इंदूर व भोपाळ येथे पूर्वी सुमारे 25 टक्के होता. 2021 च्या सुमारास तो 4 टक्क्यांवर आणला गेला, आणि मध्यम शहरांसाठी झालेल्या उपायांत हा सर्वाधिक परिणामकारक मानावा लागेल. मुंबई विमानतळावरील सोयीच्या वेळा मात्र अगोदरच्या कंपन्यांकडेच राहतात. सकाळी जाऊन रात्री इंदूरला परतणारा व्यापारी, जो आयत्या वेळी चढे भाडेही देतो, तो त्यामुळे नवोदित कंपनीच्या वाट्याला क्वचितच येतो.