माशीचं कूळ पंखावर वाचताना

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या ओवळेकर वाडीत लोक फुलपाखरं टिपायला जातात आणि कॅमेऱ्यात दोन-चार माश्याही घेऊन येतात. फुलपाखराचं नाव संध्याकाळच्या आत कुणीतरी सांगतं. माशीच्या फोटोवर मात्र ‘कुठलीशी माशी’ यापुढे गाडी सरकत नाही. यात फोटो काढणाऱ्याचा दोष थोडा, माश्यांची कुळं (जवळच्या जातींचे मोठे गट) ज्या पद्धतीने पाडली गेली तिचा जास्त.

दोनच पंख असलेले कीटक वेगळे काढावेत, हे ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आलंय. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टोकाला गोळा असलेल्या दोन बारीक दांड्या उरतात, उडताना तोल सांभाळायला. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ साली दोन पंखांच्या या गणात दहाच प्रजाती (म्हणजे जातींचे गट) केल्या. डास, गोमाशी यांना त्यांची त्यांची घरं मिळाली. बाकीचं बरंचसं ‘मस्का’ या एकाच प्रजातीत कोंबलं.

हा पसारा आवरायला दोन वाटा निघाल्या. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस तोंडाकडे वळला: सोंड कशी, स्पर्शक कसे, यावरून गट. १८०५ साली त्याने माश्यांवर स्वतंत्र ग्रंथच काढला. विचार पक्का होता, पण माशीचं तोंड नीट बघायचं तर ती मेलेली हवी, टाचणीवर हवी आणि वर भिंग हवं.

दुसरी वाट योहान विल्हेल्म मायगेनची. जन्म १७६४, जर्मनीतलं झोलिंगेन. विद्यापीठाची पदवी नाही, पैसा नाही; फ्रेंचच्या आणि संगीताच्या शिकवण्या करून घर चालवायचं आणि उरलेल्या वेळात माश्या. लिनियसच्या पुस्तकाशी नमुने जुळवताना त्याला दिसलं की पंखांवरच्या शिरांची जाळी गटागटानुसार बदलते. तोंडही बघायचं, स्पर्शकही बघायचे, पण पंख सोडायचा नाही, हे त्याचं धोरण. १८१८ ते १८३८ या काळात त्याचे युरोपातल्या माश्यांवरचे सात खंड आले. चित्रंही स्वतःच काढलेली.

आज ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पायवाटेवर मोबाइल धरणाऱ्याला खरा उपयोग होतो तो मायगेनचा. जिवंत माशीच्या सोंडेचे बारकावे फोटोत क्वचितच मिळतात. पारदर्शक पंखावरच्या शिरा, वरून आणि उजेडात टिपल्या, तर स्वच्छ दिसतात. फुलावर हवेत स्थिर राहणारी, मधमाशीचं सोंग घेतलेली माशी घ्या. तिच्या पंखाच्या मध्याजवळून एक पुसट जादा शीर जाते, जी दोन्ही टोकांना कशालाच नीट जोडलेली नसते. ती दिसली की कूळ सिर्फिडी. नवी मुंबईत बाल्कनीतल्या कंपोस्टच्या डब्याभोवती फिरणारी काळी, लांबट माशी बहुधा स्ट्रॅटिओमायडी: पंखाच्या मधोमध एक छोटा कप्पा आणि मुख्य शिरा पुढच्या कडेकडे दाटलेल्या. फळमाशीची एक शीर पुढच्या कडेजवळ पोचता पोचता एकदम काटकोनात वळते. बाथरूमच्या भिंतीवरच्या केसाळ, पतंगासारख्या माशीसाठी मात्र शिरा मोजत बसायची गरज नाही.

पंखाने काम भागत नाही ते करड्या, घरमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्यांत. तिथे केस मोजावे लागतात. कुठल्या जागी किती राठ केस आहेत याची पद्धतशीर मांडणी १८८०च्या दशकात ओस्टेन-साकेन या रशियन मुत्सद्द्याने केली. (या शास्त्राला हौशी माणसांनीच उभं केलं असं वाटावं इतकी अशी उदाहरणं आहेत.) छातीच्या बाजूला केसांची उभी ओळ आहे का, पाठीच्या मागच्या टोकाखाली फुगवटा आहे का, यावर मस्किडी, सार्कोफॅजिडी, टॅकिनिडी ही कुळं वेगळी होतात. म्हणजे एक फोटो वरून, एक बाजूने आणि एक चेहऱ्याचा. वरून काढलेला एकच सुंदर फोटो इथे फारसा कामाचा नाही.

भारतातल्या माश्यांवरचा पहिला मोठा घाट एन्रिको ब्रुनेटीने घातला. तोही पेशाने संगीतकार. कलकत्त्यातल्या संग्रहांवर काम करून त्याने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत १९१२, १९२० आणि १९२३ साली तीन खंड लिहिले. त्यातली प्रत्येक किल्ली, म्हणजे लक्षणं तपासत नावापर्यंत नेणारी यादी, नमुना हातात आहे असं धरून चालते.

फोटो पुरेसा का, हा वाद २०१५ साली पेटला. मार्शल आणि इव्हनह्यूस या माशीतज्ज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मधमाशीसारख्या एका माशीची नवी जाती केवळ फोटोंवरून जाहीर केली. नमुना जपलेला नव्हता. पुढच्याच वर्षी चारशेहून जास्त वर्गीकरणतज्ज्ञांनी सही करून विरोध नोंदवला. २०१७ साली प्राणीनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने नियम स्पष्ट केले: नमुना न जपता नाव देता येतं, पण तसं का केलं याची कारणं द्यावीत, अशी शिफारस.

नवी जाती जाहीर करण्याबाबत विरोधकांचं म्हणणं मला पटतं. कूळ ओळखणं ही वेगळी गोष्ट. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे परवानगीशिवाय माशीही पकडता येत नाही, त्यामुळे हौशी माणसाकडे फोटोच असतो. आणि ऐरोलीच्या खारफुटीतल्या पानांवर लांब पायांची, हिरवी चकाकणारी छोटी माशी दिसली, तर डॉलिकोपोडिडी म्हणायला तेवढा फोटो बहुतेक वेळा पुरतो.