मंदीचं कारण सांगून पगार कापला तर अर्ज कुठे, कोणी आणि कोणत्या कागदांसह करायचा

दिवाळीनंतर आमच्या युनियनच्या कार्यालयात एक मशीन ऑपरेटर आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुन्या पगार स्लिपा, आणि मोबाइलमध्ये नोटीस बोर्डाचा फोटो. ऑर्डर कमी झाल्यामुळे पुढच्या महिन्यापासून भत्त्यात कपात, एवढंच त्यावर लिहिलेलं. ना तारीख, ना अधिकाऱ्याची सही. कामगारांच्या सह्या मात्र खाली ओळीने घेतलेल्या, आणि त्यात त्याचीही होती. “फक्त वाचल्याची सही आहे म्हणाले,” तो सांगत होता. पुढे हीच सही ‘कामगारांची संमती’ म्हणून दाखवली जाते. म्हणून सही करावीच लागली, तर सहीशेजारी ‘वाचले, कपात मान्य नाही’ असं लिहा, तारीख टाका आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. पगाराच्या भांडणात त्यातल्या दोन कामाच्या: वेतन संहिता २०१९ आणि औद्योगिक संबंध संहिता २०२०. या दोन संहितांचे रस्तेही दोन आहेत, आणि लोक इथेच गल्लत करतात. ठरलेला पगार हातात आला नाही, उशिरा आला किंवा कमी आला, तर तो थकबाकीचा दावा. पगाराची अटच मालक बदलू पाहतोय, किंवा युनियनला नवी वाढ हवी आहे, तर तो औद्योगिक विवाद. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिने फुकट जातात.

मंदी असली तरी पगार कमी करता येतो का?

येतो, पण मनाला येईल तसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये क्राउन अ‍ॅल्युमिनियम वर्क्सच्या खटल्यात म्हटलं होतं की आर्थिक अडचण खरी असेल तर वेतनरचना खालीही आणता येते, मात्र किमान वेतनाच्या खाली नाही. कामगारांच्या तोट्याचा असा बदल करायचा तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यायला हवी. आपसात करार होऊन बदल ठरला असेल तर ही नोटीस लागत नाही, म्हणूनच त्या सह्यांची एवढी घाई असते. कोविडमध्ये पूर्ण पगार देण्याचा केंद्राचा आदेश २९ मार्च २०२० ला निघाला आणि १८ मेपासून मागे घेतला गेला. त्यानंतर १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. ज्यांच्याकडे युनियन आणि कागद दोन्ही होते, त्यांनाच त्या बोलण्याला काही अर्थ होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज कोण करू शकतो?

थकबाकीचा दावा कोणीही कर्मचारी करू शकतो. मॅनेजर, सुपरवायझरसुद्धा. अनेकांनी मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो, किंवा त्यांच्या वतीने युनियन देते. मुदत तीन वर्षांची. ठेकेदाराने पगार बुडवला असेल तर जबाबदारी मूळ मालकावर येते, तेव्हा अर्जात दोघांनाही सामील करा.

औद्योगिक विवादात मात्र ‘कामगार’ या व्याख्येत बसावं लागतं. देखरेखीचं काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा त्यात येत नाही. आणि वाटाघाटीला कोण बसणार, हा तर कळीचा प्रश्न. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीच वाटाघाटी करणारी युनियन ठरते. तशी कोणतीच नसेल तर वाटाघाटी परिषद होते आणि तिच्यात दर २० टक्के पाठिंब्यामागे एक प्रतिनिधी. हा तांत्रिक मुद्दा समजून सोडून देऊ नका. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांमध्ये संप सुरू झाला, तेव्हा जवळपास अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे होते. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने करार करण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या मान्यताप्राप्त युनियनकडे होता. माणसं एकीकडे आणि मान्यता दुसरीकडे, ही गाठ शेवटपर्यंत सुटली नाही. म्हणून सभासद-पावत्या, वर्गणीची वही आणि सभेचे ठराव वेळच्या वेळी नीट ठेवा.

कागद कोणते?

नेमणूक पत्र, पगार स्लिपा, पगार जमा होणाऱ्या खात्याचं बँक स्टेटमेंट, हजेरीचा काही पुरावा, ओळखपत्र, आधीच्या वेतन कराराची प्रत आणि कपातीची नोटीस. स्लिप मिळतच नसेल तर पीएफचं पासबुक काढा, किती वेतनावर वर्गणी भरली हे त्यातून कळतं. युनियनने याला नोंदणी प्रमाणपत्र, ठरावाची प्रत आणि मागणीपत्र जोडायचं. मालक ‘तोटा आहे’ म्हणत असेल आणि ती कंपनी असेल, तर तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून पाहता येतात. तीन-चार वर्षांचे शेजारी ठेवले की बोलण्याची पातळीच बदलते. मागणीपत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

पुढे काय होतं?

विवादाचा अर्ज जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात, समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे. बँक, विमा, रेल्वे, खाणी असतील तर केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे. समेट चालू असताना वादातल्या विषयावर मालकाला सेवाशर्ती बिघडवता येत नाहीत. मात्र समेट सुरू झाला असं धरतात ते पहिली बैठक होते त्या दिवसापासून, अर्ज दिल्यापासून नव्हे. म्हणून कपातीच्या नोटिशीचे २१ दिवस संपायच्या आत अर्ज द्या आणि बैठकीच्या तारखेचा तगादा लावा. तडजोडीला ४५ दिवस असतात, संपाची नोटीस असेल तर १४. जमलं नाही तर अपयशाचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत कोणताही पक्ष थेट औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊ शकतो.

संपाबद्दल एवढंच: आता सगळ्याच आस्थापनांत १४ दिवसांची नोटीस लागते, समेट चालू असताना संप करता येत नाही आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप मोजला जातो. बेकायदा संपाला कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते.

‘घरी बसा, काम आलं की बोलावू’ असं सांगितलं तर तो ले-ऑफ. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्याला मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. पण त्यासाठी कामाच्या वेळेत दिवसातून एकदा गेटवर हजेरी लावावी लागते. तिथे रजिस्टर देत नसतील तर स्वतःच्या वहीत वेळ लिहा आणि दोघा सहकाऱ्यांच्या सह्या घ्या.

थकबाकीचा दावा वेतन संहितेखाली नेमलेल्या प्राधिकाऱ्यासमोर चालतो. पगार पूर्ण दिला हे मालकानेच सिद्ध करायचं असतं. थकबाकीवर दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो, तेव्हा अर्जात ती मागणी लिहायला विसरू नका. निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. आदेशानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत तर वसुली दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्या दाखल्याची प्रत आणि जावक क्रमांक आपल्याकडे घ्या, आणि तहसील कार्यालयात दर पंधरा दिवसांनी जाऊन तो कुणाच्या टेबलावर आहे ते विचारत राहा.