ट्रम्पेटवर कोण आहे?

जॅझ ऐकणारे दोघे-तिघे एकत्र बसले की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न हमखास निघतो: ट्रम्पेटवर कोण आहे? आज कव्हर उलटून पाहिलं की उत्तर मिळतं. शंभर वर्षांपूर्वी मिळत नसे, कारण तबकडीवर ते छापलेलंच नसे. आवडती रेकॉर्ड दुसऱ्याला ऐकवायची आणि मग तिच्यावर तासभर बोलायचं, ही सवय या संगीताला इतकी घट्ट का चिकटली, याचं मूळ मला त्या लेबलवरच्या कोऱ्या जागेत दिसतं.

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँडने व्हिक्टर कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केलं. बाजारात आलेली ही जॅझची पहिली तबकडी. वाजवणारे पाचही जण गोरे होते. ऑगस्ट १९२० मध्ये ओके कंपनीने कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित केलं आणि कृष्णवर्णीय ग्राहकांनी ते इतकं उचललं की सगळ्या कंपन्यांनी त्यांच्यासाठी वेगळ्या मालिका काढल्या. त्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. त्यांच्या जाहिराती ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात येत, तबकड्या टपालाने जात, आणि रेल्वेच्या शयनयानांतले कृष्णवर्णीय पोर्टर त्या दक्षिणेत घेऊन जात. या संगीताचे पहिले जाणते श्रोते हेच. पुढच्या काळात संग्राहकांचे किस्से इतके रंगवून सांगितले गेले की या पहिल्या श्रोत्यांचा विसर पडतो, आणि ते मला खटकतं.

कंपन्यांना मात्र हा फक्त माल होता. पॅरामाउंट ही रेकॉर्ड कंपनी तर विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. लेबलवर गाण्याचं नाव, गायकाचं किंवा बँडचं नाव आणि एक क्रमांक, बस्स. एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी किंग ऑलिव्हरच्या बँडने जेनेट कंपनीसाठी वाजवलं, तेव्हा दुसऱ्या कॉर्नेटवर, म्हणजे ट्रम्पेटच्याच आखूड भावंडावर, लुई आर्मस्ट्राँग होता. लेबल पाहून हे कळायला मार्ग नव्हता. एकच मुद्रण स्वस्त लेबलांवर भलत्याच नावाने विकलं जाई. १९२९ मध्ये पॅरामाउंटने तर या अंधाराचीच जाहिरात केली. ब्लूज गायक चार्ली पॅटनची एक तबकडी ‘द मास्क्ड मार्व्हल’ या नावाने काढली आणि हा बुरखाधारी कोण हे ओळखणाऱ्याला एक तबकडी फुकट देऊ केली.

ओळखण्याचं हे काम पुढे रसिकांनी फार गांभीर्याने अंगावर घेतलं. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये जॅझप्रेमींच्या हॉट क्लबची सुरुवात झाली, १९३३ मध्ये लंडनमध्ये पहिला ऱ्हिदम क्लब निघाला. तिथली संध्याकाळ साधी असे. एकाने घरच्या तबकड्या आणायच्या, दोन शब्द सांगायचे, सुई टेकवायची. बाजू संपली की चर्चा. वाद अडला की तबकडी दिव्याखाली तिरकी धरायची. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते, तिच्यावर बारीक आकडे उमटवलेले असतात. तो साच्याचा क्रमांक. लेबलवर नाव काहीही असो, दोन तबकड्यांवर हा आकडा सारखा असेल तर मुद्रण बहुतेक एकच. आकड्यांच्या ओळीवरून एका बैठकीत काय काय मुद्रित झालं तेही जुळवता येई. बाकीचं काम कानाचं, आणि वादक गाठून त्यांनाच विचारण्याचं.

या खटपटीतून शार्ल द्लोने यांची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ मध्ये पॅरिसमध्ये निघाली. कोणत्या तबकडीत कोणी काय वाजवलं, कधी आणि कुठे, हे त्यात नोंदवलं होतं. मुद्रण करणाऱ्यांनी जे लिहून ठेवायला हवं होतं, ते ऐकणाऱ्यांनी लिहिलं. माझ्या मते या छंदाची सर्वात मोठी कमाई तीच. न्यूयॉर्कमध्ये मिल्ट गेबलर यांच्या कमोडोर म्युझिक शॉपमध्येही हेच घडत होतं. गिऱ्हाइकं तासन्‌तास उभी राहून ऐकत, बोलत. गेबलरनी बाजारातून गेलेल्या तबकड्या पुन्हा काढल्या, त्याही वादकांची नावं लेबलवर छापून. १९३९ मध्ये कोलंबिया कंपनीने नकार दिलेलं गायिका बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ याच दुकानाच्या लेबलवर आलं. ‘कोण वाजवतंय’ हा खेळ तोवर इतका रुळला होता की १९४६ पासून जॅझ समीक्षक लेनर्ड फेदर यांनी वादकांनाच नाव न सांगता तबकड्या ऐकवून त्यांची मतं छापायला सुरुवात केली.

जॅझचं सख्खं भावंड असलेल्या ब्लूज या गायनप्रकारात ऐकणं त्याहून पुढे गेलं. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्ये ओकेसाठी काही गाणी मुद्रित केली आणि तो विस्मृतीत गेला. त्यातल्या एका गाण्यात तो अ‍ॅव्हलॉन हे आपलं गाव असल्याचं गातो. ती ओळ कान देऊन ऐकून १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स हा तरुण त्या गावी गेला, आणि सत्तरीचा हर्ट तिथेच सापडला. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या महोत्सवात गायला. पुढच्या वर्षी स्किप जेम्स एका रुग्णालयात सापडला आणि सन हाऊस रॉचेस्टर शहरात.

पण या संग्राहक मंडळींच्या आवडीने इतिहास थोडा वाकवलाही. स्किप जेम्सच्या १९३१ च्या तबकड्या मंदीत जेमतेम विकल्या गेल्या. त्या दुर्मीळ झाल्या आणि दुर्मीळ म्हणून चर्चा वाढली. त्या थोर आहेतच, यात शंका नाही. पण लेरॉय कारचं १९२८ चं ‘हाऊ लाँग, हाऊ लाँग ब्लूज’ तेव्हा घरोघरी वाजत होतं, पियानोसोबत गाणाऱ्या बेसी स्मिथच्या तबकड्यांचा खप प्रचंड होता, आणि संग्राहकांच्या गप्पांत ही माणसं मागे पडली. एकट्या गिटारवाल्याचा आवाज म्हणजेच अस्सल ब्लूज, हा समज तिथला आहे. तो मला मान्य नाही. ज्यांच्यासाठी हे संगीत झालं त्यांनी काय विकत घेतलं, हाही पुरावाच आहे.

सन हाऊसच्या १९३० च्या मुद्रणांतली ‘क्लार्क्सडेल मोन’ ही तबकडी निघाल्याचं संग्राहकांना ठाऊक होतं, प्रत मात्र कोणाकडेच नव्हती. २००५ च्या सुमारास एक सापडली. सन हाऊस १९८८ मध्येच वारला होता. पंचाहत्तर वर्षांनी ती सुईखाली आली तेव्हा खरखरीतून त्याचा आवाज स्वच्छ ओळखू येत होता.