सोयाबीन बियाणं : काढणीची वेळ आणि उगवणशक्ती

सोयाबीन उगवलं की नाही ते जूनमध्ये कळतं, पण त्याचा निकाल बराचसा आदल्या ऑक्टोबरमध्येच लागलेला असतो, सोंगणीच्या (म्हणजे कापणीच्या) त्या आठ-दहा दिवसांत. नंतर गोडाऊन कितीही भारी असू द्या, शेतात गेलेला जोम तिथं परत येत नाही.

शेंग पिवळी पडायला लागली की दाण्याचं भरणं संपतं. तेव्हा बियाण्याचा जोम सगळ्यात जास्त असतो पण ओलावाही ५० टक्क्यांच्या आसपास, मळायला घेतलं तर लगदाच होणार. म्हणून झाडावरच वाळू द्यावं लागतं आणि खरी गोची इथंच आहे, कारण तिथून पुढं शेत हेच कोठार, तेही बिनछपराचं. ९५ टक्के शेंगांचा रंग बदलल्यावर ५ ते १० दिवस कोरडे मिळाले तर ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येतो.

घाई केली तर हिरवट, सुरकुतलेले दाणे येतात आणि ते पोत्यात टिकत नाहीत. उशीर झाला तर दुपारच्या उन्हात शेंगा तडतड फुटतात (जेएस ३३५ हे वाण पेरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको), म्हणून सोंगणी सकाळी दव असताना. पण त्याहून वाईट म्हणजे पाऊस. दाणा भिजून फुगतो, उन्हात आकसतो, परत भिजतो, आणि सोयाबीनचं टरफल इतकं पातळ की असं दोन-तीनदा झालं की त्याला चिरा पडतात, बुरशी आत शिरते. कोंबाचं मूळही टरफलाच्या लगेच खाली असतं त्यामुळे मळणी यंत्राचा जोराचा फटका बसला तर दाणा वरून चकाचक दिसतो आणि मातीत मात्र नुसता कुजतो. बियाण्यासाठी मळणी १३-१४ टक्के ओलाव्यावर आणि ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० ठेवून करतात. फार कडक वाळलेला दाणाही फुटतोच, ते काय चांगलं नव्हे.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसानं उभं पीक आणि कापून रचलेल्या गंज्या दोन्ही भिजवल्या, आणि २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला, कितीतरी जणांवर दुबार पेरणीची वेळ आली.

दाण्यात तेल १८-२० टक्के, ते हळूहळू खराब होतं म्हणून सोयाबीन मुळातच कमी टिकतं. प्रमाणित बियाण्याला गहू-हरभऱ्यात ८५ टक्के उगवण लागते, इथं ७० वर भागवतात ते उगाच नाही. साठवणीचा ढोबळ हिशोब असा की ओलावा १ टक्का कमी झाला किंवा तापमान ५ अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. त्यामुळे ओलावा १२ च्या आत, पोती फळ्यांवर, थप्पी ७-८ पोत्यांची, आणि पोतं आपटायचं नाही, हमालाला हे दर वेळी सांगावं लागतं.

पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवायचे, ७० चांगले कोंब आले तर एकरी ३० किलो पुरतं, कमी आले तर बियाणं वाढवायचं.

पावसाची झंझटच नको म्हणून आता काहीजण बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेतात. जानेवारीत पेरलं की एप्रिल-मेमध्ये कोरड्या हवेत काढणी होते, दाणा बारीक पडतो, उतारही कमी, पण हे बियाणं आठ महिन्यांऐवजी महिना-दीड महिनाच पोत्यात राहतं.