पन्नास वर्षांचे 'प्राचीन' रहस्य : 'द दा विंची कोड'ची पार्श्वभूमी

1956 साली, जिनिव्हा शहरालगतच्या फ्रेंच हद्दीतील सँ-ज्युलियाँ या छोट्या गावच्या सरकारी कचेरीत एका नव्या संस्थेची नोंद झाली. संस्थेचे नाव होते 'प्रिऑरी ऑफ सायन'. नावातील 'सायन' म्हणजे जेरुसलेमची पवित्र टेकडी नव्हे. त्याच परिसरात सायन नावाचा एक डोंगर आहे आणि तेथूनच हे नाव घेतलेले होते. संस्थेच्या मुखपत्रात गूढविद्येपेक्षा स्वस्त सरकारी घरांत राहणाऱ्या भाडेकरूंच्या हक्कांचाच विषय अधिक असे. संस्था थोड्याच काळात थंडावली. मात्र बरोबर पन्नास वर्षांनी, मे 2006 मध्ये, तिचे नाव जगभरच्या पडद्यांवर झळकले ते येशू ख्रिस्ताच्या वंशाचे रहस्य शतकानुशतके सांभाळणारी, धर्मयुद्धांच्या काळापासून चालत आलेली गुप्त संघटना म्हणून. रॉन हॉवर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि टॉम हँक्स, ऑड्री टोटू व इयन मॅकेलन यांच्या भूमिका असलेल्या 'द दा विंची कोड' या चित्रपटाच्या मुळाशी काय आहे हे पाहायचे असेल, तर लिओनार्दोच्या चित्रांपेक्षा या पन्नास वर्षांकडेच अधिक बारकाईने पाहावे लागते.

गोष्टीची सुरुवात दक्षिण फ्रान्समधील रेन-ल-शातो या डोंगरावरच्या खेड्यातून होते. 1885 साली तेथील चर्चमध्ये बेराँजे सोनिएर हा तरुण धर्मगुरू रुजू झाला. येशूची अनुयायी मरीया मग्दालीया हिच्या नावाने असलेले ते चर्च मोडकळीस आले होते. सोनिएरने त्याची डागडुजी केली, आतील भिंती व मूर्ती भडक रंगांनी सजवल्या, दारातच पवित्र जलाचे पात्र खांद्यावर पेलणाऱ्या सैतानाची मूर्ती बसवली आणि पुढे स्वतःसाठी 'बेथानिया' हा बंगला व 'मग्दाला' हा मनोरा बांधला. एवढा पैसा खेड्यातल्या पाद्रीकडे कोठून आला, हा प्रश्न लोकांना पडणे स्वाभाविकच होते. त्याचे उत्तर त्याच्याच धर्मप्रांताने शोधून ठेवले आहे. कॅथलिक परंपरेत मृतांच्या आत्म्यासाठी किंवा एखाद्या हेतूने मिस्सा अर्पण करावी म्हणून भाविक धर्मगुरूला दक्षिणा देतात. आपल्याकडे देवस्थानात नावगोत्र सांगून अभिषेकाची पावती फाडावी, तसाच हा प्रकार. सोनिएर अशा मिस्सांसाठी दूरदूरच्या लोकांकडून पैसे मागवत असे, आणि एका माणसाला आयुष्यभरात अर्पण करता येणार नाहीत इतक्या मिस्सांचे पैसे त्याच्याकडे जमा झाले होते. कार्कासोनच्या बिशपने 1910-11 मध्ये त्याची चौकशी केली व त्याला पदावरून दूर केले. 1917 मध्ये तो वारला तेव्हा त्याची सांपत्तिक स्थिती हलाखीचीच होती.

चर्चच्या दारावर सोनिएरने कोरून घेतलेले लॅटिन वाक्य आज पर्यटकांना अंगावर शहारे आणणारे वाटते. 'हे ठिकाण भयंकर आहे', असा त्याचा शब्दशः अर्थ. प्रत्यक्षात ते उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या स्वप्नानंतरचे उद्गार आहेत, त्यांचा भाव 'भयचकित करणारे पवित्र स्थान' असा आहे आणि नव्या चर्चच्या समर्पणविधीत ते परंपरेने म्हटले जातात. सांकेतिक चिन्हांच्या शोधात निघालेल्या माणसाला सर्वाधिक चकवणारी गोष्ट बहुधा हीच असते, की समोरची खूण गुप्त नसून ती आपल्याला केवळ अपरिचित असते.

सोनिएरची मालमत्ता त्याच्या विश्वासू गृहसेविकेकडे आणि तिच्याकडून नोएल कॉर्ब्यू या गृहस्थाकडे आली. कॉर्ब्यूने तेथे उपाहारगृह आणि हॉटेल सुरू केले. डोंगरावरच्या त्या आडगावी गिऱ्हाईक यावे म्हणून तो 'कोट्यधीश पाद्री'ची गोष्ट रंगवून सांगू लागला आणि 1956 च्या जानेवारीत एका प्रादेशिक वृत्तपत्राने ती छापली. चर्चच्या पोकळ खांबात सापडलेली चर्मपत्रे आणि राजघराण्याचा खजिना हा तपशील या कथनातून पसरला. फावडी-कुदळी घेऊन येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की 1965 मध्ये गावात विनापरवाना खोदकामावर बंदी घालावी लागली.

पिएर प्लाँतार हा माणूस या गोष्टीत शिरला तो येथे. 1920 साली जन्मलेल्या प्लाँतारला 1953 मध्ये विश्वासघाताच्या गुन्ह्यात सहा महिन्यांची शिक्षा झाली होती, आणि सुरुवातीला उल्लेखिलेल्या संस्थेच्या चार संस्थापकांपैकी तो एक होता. आठव्या शतकात सत्ताच्युत झालेल्या मेरोव्हिंजियन राजघराण्याचे आपण वंशज आहोत, अशी त्याची महत्त्वाकांक्षी कल्पना होती. तिला पुरावा हवा होता, म्हणून तो तयार करण्यात आला. प्लाँतारचा मित्र फिलिप द शेरिसे याने सांकेतिक मजकूर असलेली 'प्राचीन' चर्मपत्रे रचली. 'दोसिए सक्रे', म्हणजे गुप्त कागदपत्रे, या नावाचे वंशावळी व टिपणांचे एक बाड 1967 च्या सुमारास पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात दाखल करण्यात आले. त्यात संस्थेच्या कथित प्रमुखांची यादी होती, आणि बोतिचेल्ली, लिओनार्दो, न्यूटन, व्हिक्टर ह्यूगो, दब्यूसी, कोक्तो अशी मंडळी तिच्यात एकामागून एक बसवलेली होती. ग्रंथालयात ठेवलेली वस्तू जुनी आणि खरीच असणार, हा सामान्य वाचकाचा समज प्लाँतारने अचूक हेरला होता. त्याच वर्षी जेरार द सेद या लेखकाचे रेन-ल-शातोवरील पुस्तक बाजारात आले आणि त्यात ती बनावट चर्मपत्रेही छापली गेली.

हे पुस्तक इंग्रज पटकथालेखक हेन्री लिंकन यांच्या हाती पडले. 1972 पासून त्यांनी बीबीसीसाठी या विषयावर तीन माहितीपट केले आणि 1982 मध्ये मायकेल बेजंट व रिचर्ड ली यांच्यासह 'होली ब्लड अँड द होली ग्रेल' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कथेतील सर्वांत मोठी उडी याच ग्रंथात आहे. प्लाँतारचा दावा फ्रान्सच्या राजघराण्यापुरता होता. या तिघांनी मात्र असा तर्क मांडला की येशूचा मरीया मग्दालीयाशी विवाह झाला होता, त्यांची संतती फ्रान्समध्ये आली आणि तिचे रक्त मेरोव्हिंजियन घराण्यात मिसळले. 'सां ग्राल', म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनातला पवित्र प्याला, या शब्दाची फोड 'सांग राल', म्हणजे राजरक्त, अशी केली की प्याला ही वस्तू राहत नाही, ती एक स्त्री होते. गंमत अशी की खुद्द प्लाँतारला हा तर्क मान्य नव्हता. आपल्या बनावट वंशावळीवर दुसऱ्यांनी आणखी मोठा इमला चढवलेला पाहून त्याने हात झटकले. पुढे 1993 मध्ये एका आर्थिक घोटाळ्याच्या तपासात त्याचे नाव आले, न्यायाधीशांनी त्याच्या घराची झडती घेतली आणि शपथेवर झालेल्या चौकशीत सगळे आपण रचलेले असल्याचे त्याला कबूल करावे लागले. 2000 साली तो वारला. चित्रपट जिच्यावर आधारलेला आहे ती डॅन ब्राऊन यांची कादंबरी त्यानंतर तीन वर्षांनी आली आणि तिच्या पहिल्याच पानावर 'तथ्य' या शीर्षकाखाली ही संघटना 1099 साली स्थापन झालेली व खरी असल्याचे छापलेले होते.

'होली ब्लड' ग्रंथाकडून केलेली उसनवारी लपवण्याचा प्रयत्न कादंबरीने केलेला नाही. कथेच्या आरंभी खून होणाऱ्या संग्रहालय-अधिकाऱ्याचे आडनाव सोनिएर आहे. सर ली टीबिंग या पात्राच्या नावात एका लेखकाचे आडनाव जसेच्या तसे आणि दुसऱ्याचे अक्षरे उलटसुलट करून घातलेले आहे. बेजंट आणि ली यांनी लंडनच्या न्यायालयात प्रकाशकावर दावा लावला. 7 एप्रिल 2006 रोजी, म्हणजे चित्रपट प्रदर्शित होण्यास सहा आठवडे उरले असताना, तो फेटाळला गेला. वादींची अडचण उघड होती. आपले पुस्तक हा इतिहास आहे असे म्हणावे, तर इतिहासातील कल्पनांवर मालकी सांगता येत नाही, आणि ती आपली निर्मिती आहे असे म्हणावे, तर पुस्तकाची विश्वासार्हताच संपते. निकाल देणारे न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनाही मोह आवरला नाही. त्यांनी निकालपत्रातील काही अक्षरे तिरप्या टंकात छापून एक सांकेतिक संदेश पेरला. फिबोनाची श्रेणी वापरून तो उकलल्यावर ब्रिटिश नौसेनापती जॅकी फिशर आणि 1906 मधील 'ड्रेडनॉट' युद्धनौका यांचा उल्लेख निघाला. या साऱ्या प्रकरणातील खात्रीने खरे असलेले गुप्त लिखाण बहुधा एवढे एकच.

चित्रपटातील बाकीचा मसाला याहून पुष्कळ जुना आणि खऱ्या इतिहासातला आहे, पण त्याची जुळणी वेगळी आहे. टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती सरदारांचा संघ 1119 च्या सुमारास जेरुसलेममध्ये स्थापन झाला, फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने 13 ऑक्टोबर 1307 रोजी त्यांना पकडले आणि 1312 मध्ये पोपने संघ बरखास्त केला. राजाच्या डोक्यावरचे कर्ज आणि संघाची संपत्ती एवढे कारण त्यासाठी पुरेसे होते. शेवटाकडील प्रसंग जेथे घडतात ते स्कॉटलंडमधील रॉसलिन चॅपल बांधायला घेतले गेले 1446 मध्ये, म्हणजे संघ नाहीसा झाल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमधील जमिनीवरची पितळी रेघ हीदेखील मूर्तिपूजकांच्या मंदिराची खूण नाही. ईस्टरची तिथी ठरवण्यासाठी सूर्याचे स्थान मोजता यावे म्हणून अठराव्या शतकात बसवलेले ते खगोलशास्त्रीय साधन आहे. कादंबरीच्या वाचकांची रीघ लागल्यावर चर्चने तसा खुलासा करणारी पाटी लावली आणि चित्रीकरणाला परवानगी नाकारली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीनेही नकार दिल्याने तेथील दृश्ये लिंकन कॅथेड्रलमध्ये चित्रित झाली. लूव्र संग्रहालयाने मात्र दारे उघडली.

लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'विषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण प्रेक्षकाच्या मनावर सर्वांत खोल ठसा त्याच दृश्याचा उमटतो. मिलानमधील सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या भोजनगृहात, साधारण 1495 ते 1498 या काळात, लिओनार्दोने हे चित्र काढले. ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवण्याची रीत त्याच्या संथ स्वभावाला मानवणारी नव्हती, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंग चढवले, आणि त्याच्या हयातीतच ते सोलून निघू लागले. 1652 मध्ये चित्राच्या खालच्या भागातून दार काढण्यात आले व त्यात येशूचे पाय गेले. 1943 मधील बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचा मोठा भाग कोसळला, पण वाळूच्या पोत्यांमुळे ही भिंत बचावली. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेले शेवटचे संवर्धन 1999 मध्ये पूर्ण झाले, तेव्हा मूळ रंगाचा थोडाच अंश उरल्याचे स्पष्ट झाले. अशा भिंतीवर एकेका बोटाच्या वळणावरून गुपित वाचणे हे धाडसच म्हणावे लागेल. येशूच्या उजव्या हाताला बसलेली कोमल चेहऱ्याची व्यक्ती चित्रपटात मग्दालीया ठरते, परंतु सर्वांत तरुण शिष्य योहान याला बिनदाढीचा व नाजूक दाखवण्याची प्रथा फ्लॉरेन्सच्या चित्रकारांत लिओनार्दोच्या आधीपासून होती. शिवाय तेथे मग्दालीया बसली असेल तर बारांतला योहान कोठे गेला, याचे उत्तर मिळत नाही.

तरीही मग्दालीयावर अन्याय झाला, हे कथेतील सूत्र निराधार नाही, आणि माझ्या मते चित्रपटाच्या लोकप्रियतेचे खरे बळ तेथेच आहे. शुभवर्तमानांत ती येशूची अनुयायी आणि पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार आहे. 591 च्या सुमारास पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिला दुसऱ्याच एका पापी स्त्रीशी एकरूप केले आणि पश्चिमेत ती जवळजवळ चौदाशे वर्षे पश्चात्तापदग्ध वेश्या म्हणून रंगवली गेली. कॅथलिक चर्चने 1969 मध्ये पंचांगात दुरुस्ती करून ही गल्लत सोडवली आणि 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे 1945 मध्ये सापडलेल्या हस्तलिखितांपैकी फिलिपचे शुभवर्तमान तिला येशूची 'सहचारी' म्हणते. कादंबरीत यावर ॲरेमाइक भाषेचा दाखला दिला जातो, पण हस्तलिखित कॉप्टिक भाषेत आहे व तो शब्द ग्रीकमधून घेतलेला आहे. येशू तिचे चुंबन घेत असे, या वाक्यात नेमका जेथे अवयवाचा उल्लेख यावा तेथे पान फाटलेले आहे. येशूचे देवत्व 325 च्या नायसिया परिषदेत निसटत्या मतांनी ठरले, हे टीबिंगचे विधानही तपासावे लागते. तेथील वाद पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे की नाही, हा होता आणि अखेरच्या ठरावाला केवळ दोन बिशपांनी नकार दिला.

ओपस देई ही 1928 मध्ये माद्रिदमध्ये स्थापन झालेली कॅथलिक संस्थाही खरी आहे. तिच्यात बहुसंख्य सदस्य सामान्य संसारी लोक असतात आणि मठवासी नसतात, त्यामुळे झगा घातलेला खुनी सायलस तिचा सदस्य असणे शक्य नाही.

भारतात चित्रपट 19 मे ऐवजी आठवडाभराने, 26 मे रोजी आला. तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींसह तो पाहिला, मुंबईत कॅथलिक संघटनांनी उपोषण व निदर्शने केली आणि अखेर 'केवळ प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र व कथा काल्पनिक असल्याची सूचना या अटींवर मार्ग निघाला. गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी तरीही बंदी घातली. त्यांपैकी तमिळनाडू व आंध्र प्रदेशातील बंदी तेथील उच्च न्यायालयांनी रद्द केली. कादंबरीच्या पहिल्या पानावरील 'तथ्य' हे शीर्षक पडद्यावर आलेले नव्हते आणि चित्रपटाचा नायक लँग्डन टीबिंगच्या दाव्यांवर वारंवार शंका घेतो, ही बाब त्या गदारोळात फारशी कोणी लक्षात घेतली नाही. जगभरात चित्रपटाने 75 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

रेन-ल-शातोला पर्यटकांची गर्दी चित्रपटाच्या आधीपासूनच होती. कबरीची नासधूस होण्याच्या भीतीने गावाने 2004 मध्ये सोनिएरचे अवशेष दफनभूमीतून हलवले आणि त्याच्याच मालमत्तेच्या बागेत, काँक्रीटच्या थराखाली, पुन्हा पुरले.