स्कीची कंबर कुणाच्या मापाची?

फेब्रुवारीत उदगीरच्या भाचीचा गुलमर्गहून फोन आला. "मामा, दुकानवाला म्हणतोय नवा बर्फ पडलाय, एकशे पंधराचीच स्की घ्या. मला तर ती उचलतानाच दम लागला." भाची पाच फुटांची, वजन ४८ किलो. ११५ म्हणजे मिलिमीटर. स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरायला पायात बांधायच्या फळीची, बुटाखालची रुंदी, जिला कंबर म्हणतात, तिचं हे माप. ते आलं कुठून, हे जरा मागं जाऊन बघावं लागतं.

आपल्याकडं बर्फ म्हणजे गारा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चात ज्यांची उभी ज्वारी झोडपली गेली, त्यांना तो विषयही नको असेल. गंमत अशी की गुलमर्गवर भुसभुशीत बर्फ टाकणारे पश्चिमी विक्षोभच आपल्याकडच्या दमट वाऱ्यांना भिडले की इथं गारा पडतात. रुतणं म्हणजे काय हे मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात काळ्या रानात लोखंडी धावेची बैलगाडी घाला, चाक आऱ्यांपर्यंत जातं. टायरची गाडी त्याच वजनानं निघून जाते, कारण तिला टेकायला जागा जास्त.

स्कीवाल्यांनी ही जागा कितीतरी वर्षं फक्त लांबीतून काढली. १९८०च्या दशकातली स्की सहज दोन मीटरची असायची, कंबर मात्र ६५ मिलिमीटरच्या आसपास. हात वर करायचा, मनगटाला स्की लागली की ती तुमची, असा हिशेब. वजन कुणी विचारायचं नाही. अरुंद ठेवण्याला कारण होतं: दाबून टणक केलेल्या उतारावर अरुंद स्की चटकन एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाते, आणि शर्यती तिथंच व्हायच्या.

खोल, मऊ बर्फाची गोष्ट निराळी. १९६५ साली हान्स ग्मोझरनं कॅनडाच्या बुगाबू डोंगरांत हेलिकॉप्टरनं माणसं वर नेऊन उतरवायचा धंदा सुरू केला. तिथं येणारं गिऱ्हाईक पैसेवालं, बहुतेक पुरुष, बरेचसे पन्नाशीकडं झुकलेले आणि अंगानं भारी. ते मांडीइतक्या बर्फात रुतायचे, पडायचे, दुपारपर्यंत पाय गळून जायचे. १९८८च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या अ‍ॅटॉमिक कंपनीतल्या रूपर्ट ह्यूबर यांनी स्नोबोर्ड उभा चिरून त्यातून जाड स्कीची कल्पना काढली, असं सांगतात. निघाली ती 'पावडर मॅजिक', आणि तिच्या मागून 'फॅट बॉय'. कंबर एकदम ११ सेंटिमीटरच्या वर. पट्टीचे स्कीवाले हसले, ही म्हाताऱ्यांची काठी म्हणाले. गाइड लोकांनी मात्र गिऱ्हाइकांच्या पायात घालून बघितली, आणि गिऱ्हाईक दिवसभर टिकायला लागलं.

म्हणजे ११५च्या आसपासचं हे माप एका ठरावीक शरीरासाठी निघालं: जड पुरुष, खोल बर्फ आणि परत वर न्यायला हेलिकॉप्टर. भाचीला यातलं फक्त बर्फ लागू पडतं.

पुढं १९९३ला स्लोव्हेनियाच्या एलाननं टोकाशी रुंद आणि मधे बारीक, डमरूसारखी स्की काढली. ती मुख्यतः कडक उतारासाठी. मऊ बर्फाचा खरा धक्का दिला शेन मॅककॉन्की या अवलिया स्कीवाल्यानं. त्यानं अलास्काच्या डोंगरावर पाण्यावरच्या स्की पायात बांधून घसरून बघितलं. त्यातून २००२च्या सुमारास व्होलंट कंपनीची 'स्पॅट्युला' आली: कंबर १२५, टोकं वर वळलेली, आकार डमरूच्या उलटा. तिथून रुंदीची चढाओढच लागली.

बायकांच्या स्की म्हणजे फार काळ पुरुषांचीच स्की, लांबी कमी करून वर फुलं काढलेली. अमेरिकेत जीनी थोरेन यांनी बाईचं शरीर वेगळं, तिच्यासाठी बूट स्कीवर थोडा पुढं बसवा, असा धोशा वर्षानुवर्षं लावला. पण कॅटलॉगात आजही लांबी माणसामागं जितकी कमी होते तितकी कंबर होत नाही.

हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर केला. सोपा जावा म्हणून लांबी गुणिले कंबर एवढंच धरलं. ८५ किलोचा माणूस, सामानासकट ९५, १८५ सेंटिमीटरची ११५वाली जोडी: चौरस सेंटिमीटरमागं साधारण २२ ग्रॅम. भाची सामानासकट ५६ किलो, १६०ची लांबी: कंबर १०० असेल तर साडेसतरा, ९० असली तरी साडेएकोणीस. म्हणजे नव्वदवरही ती त्या गड्यापेक्षा वरच तरंगणार. ११५ घेतली तर पंधरा. तरंगण्यात चार बोटं जास्त मिळतील, पण फुकट नाही. तिचा बूट अरुंद आणि पाय बारीक. स्कीची कड पायापासून जितकी बाहेर, तितकी ती कलती करायला घोटा-गुडघ्याचा जोर जास्त. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या जवळपास ४,००० मीटरवरून मऊ बर्फात येणं ठीक. खाली गाडीरस्त्यासारख्या टणक वाटेवर हेच फळकूट कडेवर कलत नाही.

वखरावर पोर बसवतात ना, पास जमिनीत धरावी म्हणून? हलकं पोर असेल तर वखर वरूनच खरवडत जातो. जड माणसासाठी ताठ केलेल्या स्कीचंही तेच: अठ्ठेचाळीस किलोखाली ती वाकत नाही, आणि न वाकलेली स्की वळत नाही. म्हणून मी तिला रुंदीआधी लवचिकपणा बघ म्हटलं. दुकानातच मधे तळवा टेकून दाब, म्हटलं.

तिनं तीन जोड्या दाबून बघितल्या आणि १५८ सेंटिमीटरची, ९८वाली घेतली. दुकानवाला दोनदा म्हणाला, "मॅडम, बर्फ बहुत है।" साडेबावीस मापाचे (पावलाची लांबी सेंटिमीटरात) बूट मात्र त्याच्याकडं निघाले नाहीत. चोवीसच्या बुटात दोन जोडी मोजे घालून ती वर गेली, आणि संध्याकाळी फोनवर सगळी तक्रार बुटांची होती.