ऊब आणि एक मिलिमीटरचा पत्रा

उंची वाढते तसे हवेचे तापमान दर १,००० फुटांमागे सरासरी २ अंश सेल्सिअसने उतरते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटामध्ये जानेवारीच्या सकाळी उणे १० अंशांत धावपट्टी सोडलेले दोन आसनी विमान ८,००० फूट चढले, की या हिशेबाने त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या अंगाला उणे २६ अंशांची हवा ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने घासत असते. कारखान्यातून आलेल्या विमानात ऊब कुठून आणायची हे आधीच कोणीतरी ठरवलेले असते. गॅरेजमध्ये स्वतः विमान बांधणाऱ्याला मात्र तो निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. अमेरिकेत अशा होमबिल्ट विमानांची परंपरा मोठी आहे आणि ओरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्ट या एकाच कंपनीच्या संचांवरून बांधलेली ११,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. आपल्याकडे हा उद्योग जवळजवळ नाहीच. कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले आणि २०१७ मध्ये नोंदणी मिळालेले सहा आसनी विमान हा त्यातला दुर्मीळ अपवाद.

आता ऊब लागते तरी किती, ते पाहू. कॉकपिटच्या फटींतून सेकंदाला ३० लिटर हवा ये-जा करत असेल आणि ती २५ अंशांनी तापवायची असेल, तर नुसत्या हवेलाच सुमारे पाऊण किलोवॅट उष्णता लागते. डोक्यावरच्या ॲक्रिलिकच्या पारदर्शक छतातून निसटणारी उष्णता धरली, तर आकडा एक किलोवॅटच्या पुढे जातो, म्हणजे घरातली एखादी इस्त्री सतत चालू ठेवावी तेवढा. उलट १८० अश्वशक्तीचे इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार तर तिसरा हिस्सा प्रॉपेलरला देते आणि शंभराहून अधिक किलोवॅट उष्णता नुसत्या धुरावाटे बाहेर फेकते. तेव्हा उष्णतेची टंचाई मुळीच नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या वाटेने आत आणायची आणि ती वाट कधीतरी फुटलीच, तर तिच्यासोबत आणखी काय आत येईल.

हवेने थंड होणाऱ्या लायकमिंगसारख्या इंजिनांवर रूढ असलेली पद्धत अगदी साधी आहे. धुराच्या नळीभोवती पत्र्याचे एक नळकांडे बसवतात, ज्याला या क्षेत्रात मफ म्हणतात. बाहेरची स्वच्छ हवा एका तोंडाने त्यात शिरते, तापलेल्या नळीला घासून गरम होते आणि होजमधून, म्हणजे लवचीक नळीतून, फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवरच्या) झडपेकडे जाते. ही रचना हलकी आणि स्वस्त असून तिला वीज लागत नाही. मात्र सातशे-आठशे अंशांचा धूर आणि आपण श्वासात घेणार ती हवा यांच्यामध्ये इथे असतो तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा, सतत थरथरणारा, दर उड्डाणात तापून पुन्हा निवणारा स्टेनलेस स्टीलचा पत्रा. त्याला तडा गेला तर तो मफच्या आत झाकलेला राहतो.

त्या तड्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू मराठी वाचकाला अनोळखी नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने घेतलेले बळी आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. त्याला रंग नाही, वास नाही आणि हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. उंचीवर प्राणवायू मुळातच विरळ असल्याने विमानात त्याचा घाव अधिक खोल बसतो. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन नाँतहून कार्डिफला निघालेले, कारखान्यात बनलेले पायपर मालिबू विमान गर्न्झी बेटाजवळ समुद्रात कोसळले. तपासात त्यांच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने व्यापलेले आढळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातील ३१ विमान अपघातांचे कारण हीच विषबाधा असल्याचे नोंदवले आहे. त्यांत ४२ माणसे गेली आणि त्या ३१ विमानांपैकी फक्त एकात हा वायू ओळखणारे यंत्र होते.

म्हणून मफ निवडायचा असेल, तर तो किती गरम करतो हे विचारण्याआधी तो किती सहज उघडता येतो हे विचारावे, असे माझे मत आहे. दोन-चार स्क्रू काढले की नळी उघडी पडली पाहिजे, नाहीतर दरवर्षीची तपासणी हटकून पुढे ढकलली जाते. मफखालची नळी सलग असावी. सांधा असलेला भाग मफखाली आला, की गळतीला आमंत्रण दिल्यासारखेच होते. अधिक ऊब मिळावी म्हणून काहीजण नळीभोवती दाराची स्प्रिंग गुंडाळतात. कल्पना चांगली आहे, कारण तिच्यामुळे हवा घुसळली जाते. पण बाजारातल्या स्वस्त स्प्रिंगवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो आणि तापलेल्या स्टेनलेस स्टीलला जस्त ठिसूळ करते. याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे कापण्याची खूण नळीवर साध्या शिसपेन्सिलीने करणे, कारण तिच्यातला कार्बन तापल्यावर धातूत मुरतो आणि पुढे तडा नेमका त्या रेघेवर जातो. गळती शोधायला मात्र महागडे काही लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू धुराच्या नळीच्या तोंडाला लावावी आणि सांध्यांवर, वेल्डिंगवर साबणाचे पाणी फिरवावे. तडा असेल तिथे बुडबुडे फुलतात.

फायरवॉलवरची झडप स्टेनलेस स्टीलचीच हवी. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर इंजिनाच्या आगीची ज्वाला १,००० अंशांच्या पुढे जाते. पोलादी भिंतीला ॲल्युमिनियमची झडप बसवणे म्हणजे तिजोरीला पुठ्ठ्याचे दार लावणे. शिवाय झडप बंद असताना गरम हवा कोंडू न देता इंजिनकक्षात सोडून द्यावी, म्हणजे मफ आणि होज करपत नाहीत.

धुराची भीती नको म्हणून रोटॅक्स ९१२ सारख्या, सिलिंडरची डोकी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर मोटारीसारखा छोटा रेडिएटर कॉकपिटमध्ये बसवता येतो. विषारी वायूच्या दृष्टीने ही व्यवस्था मला मफपेक्षा बरी वाटते. इथे दोष उद्भवला तर कूलंटची वाफ आत येते, काच धुरकटते आणि पायांवर चटका बसतो. म्हणजे संकट निदान कळते तरी. पण होज इंजिनाच्या बाजूने बंद करणारा कॉक हाताशी हवा. गरम तेल फायरवॉलच्या आत आणणे हा मार्ग मात्र मी विचारातही घेणार नाही. विजेचे गणित लवकर संपते. ६० अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टवर सगळे मिळून ८४० वॅट देतो, तेव्हा विजेने कॉकपिट तापवणे कठीण. विजेवर तापणारे जाकीट मात्र शंभराहून कमी वॅटमध्ये माणसाला उबदार ठेवते आणि त्यात आग-धुराचा संबंधच येत नाही. स्वतंत्र पेट्रोल जाळणारा हीटर छोट्या विमानात घेऊ नये, कारण एका ज्वालेची काळजी पुरेशी असताना त्याने दुसरी पदरात पडते.

हीटर कोणताही असो, फटी आधी बुजवाव्यात. उडताना छताभोवती हवेचा दाब कमी होतो, कॉकपिटमधली हवा वरून बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला शेपटीकडून, चाकांच्या खाचांतून, फायरवॉलच्या भोकांतून हवा आत येते. पोटाखालून मागे जाणारा धूर याच वाटेने परत फिरू शकतो. म्हणजे ज्या फटींमुळे पाय गारठतात, त्यांतल्याच काही विष आत आणतात, आणि म्हणूनच मफ नसलेल्या विमानालाही वायू ओळखणारे यंत्र हवे. रंग बदलणारा चिकटपट्टीचा ठिपका पुरेसा नाही. ज्याला गुंगी येते आहे तो ठिपक्याकडे पाहणार नाही. घरगुती यंत्रही चालत नाही, कारण अमेरिकी मानकानुसार ते ७० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ७० भाग) एक ते चार तास गप्प राहू शकते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर तर मुळीच विसंबू नये. त्याला प्राणवायूने भरलेले आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही आणि बेशुद्धीच्या उंबरठ्यावरच्या माणसालाही तो ९८ टक्के प्राणवायू दाखवू शकतो.

यंत्र वाजले की हीटरची झडप बंद करावी, ताज्या हवेच्या खिडक्या उघडाव्यात, प्राणवायू असेल तर नाकाला लावावा. साध्या हवेत रक्तातले हे विष निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवरही तासाभराहून अधिक. त्यामुळे गार वाऱ्याने जरा हुशारी वाटू लागली, तरी घर गाठण्याचा विचार सोडून जवळ दिसेल त्या धावपट्टीवर उतरायचे.